बासन आणि पुठ्ठा

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापाऱ्याच्या गादीवर लाल कापडाची नवी चोपडी मांडतात, तिच्यावर स्वस्तिक काढतात, हळदकुंकू वाहतात. त्या चोपडीत अजून एक अक्षर नसते. तेव्हा पूजा होते ती बांधणीची आणि त्या लाल खारव्याची, असे म्हटले तर शेटजी रागावतील, पण खोटे ठरणार नाही. त्या जाड कापडावर पांढऱ्या दोऱ्याचे टाके आडवेतिडवे घातलेले असतात. नक्षीसाठी म्हणावे तर ते फार साधे, आणि नुसत्या मजबुतीसाठी म्हणावे तर फार देखणे. लहानपणी एका दुकानात बसून मी ते टाके बोटाने मोजीत असे. हिशेबाच्या वहीवर कोणी एवढे कष्ट का घेतले असतील, हा प्रश्न त्या वेळी पडला नाही. तो पडायला पुढे बरीच वर्षे जावी लागली आणि एक अपराधही घडावा लागला.

त्याच दिवसांत, कार्तिक शुद्ध पंचमीला, जैन मंडळी ज्ञानपंचमी करतात. भांडारातल्या पोथ्या त्या दिवशी बाहेर काढायच्या, झटकायच्या, त्यांची पूजा करायची, नवी वेष्टने वाहायची. गुजरातेत या पोथ्यांच्या वरखाली ठेवायचे पुठे भरतकामाने मढवीत असत; त्यांवर बहुधा त्रिशलामातेची चौदा स्वप्ने किंवा अष्टमंगले असत. आपल्याकडे एवढा थाट नाही. आपल्याकडे पोथीला बासन. पेशव्यांच्या दप्तराला रुमाल. पुण्याच्या दप्तरखान्यात आजही कागद मोजतात ते रुमालांवर. ‘बासनात गुंडाळून ठेवणे’ हा वाक्प्रचार आपण हल्ली एखादी योजना बारगळली की वापरतो. ज्याने तो पहिल्यांदा वापरला असेल, त्याच्या घरी बासन कधी सुटतच नसावे. नाहीतर बासन म्हणजे रोज सकाळी सोडायची आणि रोज बांधायची वस्तू.

कापड आणि पुस्तक यांचा संबंध कसा असावा, पुस्तकासाठी हाताने नटवलेले कापड चांगले केव्हा आणि वाईट केव्हा, हा या लेखाचा विषय आहे. दिवाळी अंकात हा विषय काढायला तसे निमित्त लागू नये. चित्राबद्दल आपण भांडतो, मुखपृष्ठाबद्दल क्वचित बोलतो. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकारांनी मराठी पुस्तकांना आणि अंकांना जो चेहरा दिला, त्याबद्दल थोडेफार लिहिलेही गेले. पण त्या रंगीत वेष्टनाच्या खाली पुस्तकाला चिकटलेले जे कापड असे, त्याबद्दल कोणी एक ओळ लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. वेष्टन फाटले की ते कापड उघडे पडायचे. मळकट हिरवे, नाहीतर विटकरी. आता तर तेही गेले. पाठीला गरम सरस फासला की पुस्तक झाले.

माझ्या पाहण्यातले पहिले हाताने भरलेले ग्रंथवस्त्र माझ्या आजीचे. ती बेळगावकडची. तिच्याजवळ ‘हरिविजया’ची छापील पोथी होती, सुटी आडवी पाने, वर एक आणि खाली एक पातळ फळी, आणि सगळ्यावर दीड हाताचे चौकोनी बासन. बासन इरकली लुगड्याच्या पदराकडच्या चांगल्या तुकड्याचे होते. त्याच्या बरोबर मध्यावर आजीने कशिद्याचे तुळशीवृंदावन भरले होते आणि चार कोपऱ्यांना चार हत्ती. हत्ती म्हणजे आपल्याला ओळखू यावेत इतपतच; चार पाय आणि एक वळलेली रेघ. धारवाडकडे ज्याला कसुती म्हणतात तेच हे काम. त्यात कापडावर आधी काही रेखाटायचे नसते. ताणाबाण्याचे धागे मोजायचे आणि मोजणीवर सुई घालायची. यातले गवंती आणि मुरगी हे दोन टाके असे आहेत, की ते उलट्या बाजूने सुलट्यासारखेच दिसतात, आणि कुठे गाठ मारायची नसते. एकदा पुढे जाताना एकाआड एक टाका रिकामा सोडीत जायचे, आणि परतताना त्याच वाटेने ते रिकामे टाके भरीत यायचे. आजीला या गोष्टीचा अभिमान होता. कोणी बासन हातात घेतले की ती ते उलटे करून दाखवी.

सन 1968 मध्ये मी कॉलेजात होतो आणि पुस्तकांबद्दल मला नुकतेच सर्व काही समजू लागले होते. पोथीची पाने सुटी राहतात, कोपरे झिजतात, एखादे पान हरवते. तर ती चांगली पुठ्ठ्यात बांधून घ्यावी आणि पुठ्ठ्यावर कापड लावायचे तर आजीचे बासनच लावावे, म्हणजे दोन्ही टिकतील, असा माझा विचार. आजीला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तिला न विचारता मी पोथी शहरातल्या एका दप्तऱ्याकडे नेली. तो जुना माणूस होता. त्याने पाने उलटून पाहिली आणि म्हणाला, “ही डावीकडून शिवता यायची नाही. पोथीचं पान खालून वर उलटतात. डावीकडून शिवलं तर एकाआड एक पान उलटं येईल. वरच्या लांब कडेनंच शिवावं लागेल.” मी म्हटले, तसे शिवा. मग त्याने बासन हातात घेतले, वासून पाहिले, उलटून पाहिले, आणि विचारले, “हे कापायचं?” मी होय म्हटले. त्या प्रश्नात जी सूचना होती ती मला त्या वेळी कळली नाही.

आठ दिवसांनी पोथी हातात आली. काम स्वच्छ होते. खळ कुठे बाहेर आली नव्हती, कोपरे चपखल दुमडलेले होते. गाठी नसल्यामुळे कापड पुठ्ठ्यावर तळहातासारखे सपाट बसले होते. दुसऱ्या कोणत्याही भरतकामाला मागच्या गाठींचे फोड वर आले असते. पण कापडाचा मध्य तो पुस्तकाच्या पाठीवर आला होता, आणि मध्यावर होते वृंदावन. त्याचा चौथरा एका पुठ्ठ्यावर, तुळशीची मंजिरी दुसऱ्यावर, आणि मधली कमान पाठीच्या खाचेत. दोन हत्ती कातरून आत दुमडले गेले होते. मी ती आजीपुढे ठेवली. तिने हात फिरवला, पोथी उघडली, मिटली. म्हणाली, “छान बांधलंय हो.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण बाळ, आता हे धुवायचं कसं?”

दर दिवाळीआधी ती बासन धुऊन वाळत घालीत असे, हे मी जन्मापासून पाहत आलो होतो.

या प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी सिरिल डेव्हनपोर्ट या इंग्रज ग्रंथबांधणीतज्ज्ञाचे 1899 सालचे पुस्तक माझ्या हाती आले. इंग्लंडातील भरतकामाच्या बांधणीवर ते आहे आणि अशा विषयावरचे पुस्तक जितके कोरडे असू शकते तितके ते कोरडे नाही. त्याने सुरुवातीलाच एक कडक व्याख्या घालून दिली आहे. भरतकामाची बांधणी म्हणायची ती फक्त त्या पुस्तकाची, ज्याच्या दोन्ही बाजू आणि पाठ मिळून एका कापडाने मढवलेली आहे आणि त्या कापडावरची नक्षी त्याच पुस्तकासाठी योजलेली आहे. दुसऱ्या कामासाठी भरलेला तुकडा, मग तो कितीही सुंदर असो, पुस्तकावर डकवला तर ती भरतकामाची बांधणी नव्हे. हे वाचले तेव्हा मला वाटले, हा माणूस माझ्याकडेच बोट दाखवीत आहे.

डेव्हनपोर्टने वर्णिलेल्या बांधण्यांत सर्वांत प्रसिद्ध जी आहे, ती एका अकरा वर्षांच्या मुलीची. मुलगी म्हणजे पुढची राणी एलिझाबेथ. नवऱ्याच्या, म्हणजे राजा आठव्या हेन्रीच्या, हुकमाने तिची आई ॲन बोलिन हिचा 1536 साली शिरच्छेद झाला, तेव्हा मुलगी तीन वर्षांचीही नव्हती. तिला अनौरस ठरवण्यात आले. 1543 साली हेन्रीने कॅथरीन पार हिच्याशी सहावे लग्न केले, आणि ही सावत्र आई विदुषी निघाली, प्रेमळही निघाली. 1544 च्या शेवटच्या दिवसाची तारीख घालून एलिझाबेथने तिला नववर्षाची भेट म्हणून स्वहस्ते लिहिलेले एक पुस्तक पाठवले. फ्रान्सच्या राजाची बहीण मार्गरीत द नाव्हार हिचे ‘पापी आत्म्याचा आरसा’ हे दीर्घ काव्य 1531 साली छापले गेले होते. त्याचा इंग्रजी गद्य अनुवाद मुलीने केला होता. हे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. मी ते छायाचित्रांतच पाहिले आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सुमारे सात इंच लांब आणि पाच इंच रुंद असे हे पुस्तक. जाड निळ्या रेशमाने सबंध पृष्ठभाग इतका एकसारखा भरला आहे, की ते विणलेले कापडच आहे असे पुष्कळांना वाटले. त्यावर सोन्यारुप्याच्या गोफाची एकमेकांत गुंतलेली वेलबुट्टी. तिच्या मध्यभागी के आणि पी ही दोन अक्षरे, म्हणजे कॅथरीन पार. चार कोपऱ्यांत जांभळ्यापिवळ्या रेशमाची चार पॅन्सीची फुले, पाकळ्यांच्या मधून डोकावणारी छोटी हिरवी पाने. पाठ मात्र इतकी झिजली आहे, की तिच्यावर फुले असावीत एवढाच तर्क करता येतो. हे भरतकाम खुद्द एलिझाबेथचे, असे परंपरा सांगते. काही अभ्यासक शंका घेतात. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातून एवढे काम होईल का, असे विचारणाऱ्यांनी आपल्याकडच्या परकऱ्या पोरींचे रुमाल पाहिले नसावेत. पण वाद राहू द्या. आखणी तिच्या मनातली, हे मानायला हरकत नसावी.

आता या मुखवस्त्राची समीक्षा कशी करायची? ‘सुंदर’ म्हणून सोडून देणे सोपे आहे आणि बहुतेकांनी तेच केले आहे. मला त्यात जे दिसते ते वेगळे आहे. पुस्तकाचा विषय पापी आत्मा. आत्मा देवाची आई होतो, मुलगी होतो, बहीण होतो, पत्नी होतो, आणि प्रत्येक नात्यात बेइमानी करून पुन्हा क्षमा मागतो. त्यात एके ठिकाणी असा विचार येतो, की बेइमान पत्नीला देवासारखी क्षमा करणारा नवरा विरळा. उलट सूड घेण्यासाठी न्यायाधीशांकरवी बायकांना देहान्त शिक्षा देवविणारेच पुष्कळ. ज्या मुलीच्या आईचे तसेच झाले, ती मुलगी हे वाक्य फ्रेंचमधून इंग्रजीत, आपल्या सुबक अक्षरात उतरवते आहे! आणि हे पुस्तक जाणार कोणाकडे, तर त्याच नवऱ्याच्या आजच्या बायकोकडे.

बाहेर यातले काही नाही. आरसा नाही, क्रूस नाही, अश्रू नाहीत. बाहेर निळे आकाश, सोन्याचा गोफ, सावत्र आईच्या नावाची अक्षरे आणि फुले. पॅन्सी या नावाचे मूळ फ्रेंच शब्दात आहे आणि त्याचा अर्थ ‘विचार’. फ्रेंचमधून केलेल्या भाषांतरावर फ्रेंच नावाचे फूल ठेवण्यात थोडी पोरकट चतुराई असावी, पण ती जाताजाता. आत काय आहे ते हे कापड सांगत नाही. पुस्तक कोणाचे, तेवढे सांगते. सोबतच्या पत्रात मुलीने विनवले आहे, की चुका असतील त्या राणीने पुसाव्यात, सुधाराव्यात, आणि तोवर दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पुस्तक पडू देऊ नये. शिष्टाचाराची विनंती, हे खरे. पण मुखवस्त्र पाहिले म्हणजे वाटते, तेही हेच करते आहे. दुसऱ्या कोणाच्या हाती पुस्तक पडले तर त्याला निळे रेशीम दिसावे आणि त्याचे समाधान व्हावे. मुखपृष्ठाने पुस्तकाचा आशय ‘व्यक्त’ करावा असा आपला आजचा आग्रह असतो. इथे आशय झाकला आहे, आणि त्या झाकण्यातच त्या घरातली सगळी भीती आली आहे. चार वर्षांनी, 1548 मध्ये, जॉन बेलने हाच अनुवाद छापून प्रसिद्ध केला. त्या छापील प्रतीत शब्द आले. आणि निळे कापड मागे राहिले.

पुढच्या वर्षी, डिसेंबर 1545 मध्ये, तिने असेच दुसरे पुस्तक वडिलांसाठी केले. कॅथरीनने रचलेल्या प्रार्थनांचे लॅटिन, फ्रेंच आणि इटालियन अशा तीन भाषांत भाषांतर. ते आता ब्रिटिश लायब्ररीत आहे. बांधणी त्याच घाटाची, पण पार्श्वभूमी लाल. मध्ये अक्षरांची मोठी एकवळी गुंफण, तिच्या वर आणि खाली हेन्रीचा एच, आणि कोपऱ्यांत पुन्हा तीच फुले. तज्ज्ञ या दोन्हींना एकाच मापाने तोलतात. मला दुसरे काम पहिल्याच्या पासंगाला पुरणारे वाटत नाही. भाषांतर जास्त कठीण, भाषा तीन, पण मुखवस्त्र दरबारी. अक्षरे मोठी झाली आहेत आणि फुलांना कोपऱ्यात अंग चोरून बसावे लागले आहे. आईला भेट पाठवणारी मुलगी वेगळी आणि वडिलांसमोर उभी राहणारी वेगळी. हातातल्या सुईलाही ते कळते.

एक गोष्ट मात्र या दोन्ही पुस्तकांतून शिकण्यासारखी आहे आणि ती कारागिरीची आहे. पुस्तकाला दोन सपाट अंगे असतात आणि मध्ये एक वाकणारे. सपाट अंगावर काहीही भरा; वाकणाऱ्या अंगावर जे भराल ते मरणार. एलिझाबेथने अक्षरे सपाट अंगाच्या मध्यावर ठेवली आणि पाठीकडे छोटी फुले सोडली. झिजली ती फुले. अक्षरे आज जवळजवळ पावणेपाचशे वर्षे वाचता येतात. शिवाय सोन्यारुप्याचा गोफ रेशमापेक्षा उंच असतो, त्यामुळे टेबलावर घासतो तो गोफ, रेशीम वाचते. आमच्या दप्तऱ्याने मला विचारले होते ‘हे कापायचं?’, त्यात हाच प्रश्न होता. आजीने मध्य निवडला तो बासनाचा. पुस्तकाचा मध्य म्हणजे तर त्याचा कणा.

आता डेव्हनपोर्टच्या कसोटीला जो धक्का बसतो तो कलकत्त्याहून. पुरुषोत्तम लाल यांनी 1958 साली तेथे ‘रायटर्स वर्कशॉप’ सुरू केले आणि भारतीयांनी इंग्रजीत लिहिलेली कविता, कथा, नाटके छापली. त्यांची पुस्तके हाताने शिवलेली, हाताने बांधलेली, आणि पुठ्ठ्यावर हातमागाच्या साडीचे कापड. वर सोनेरी ठशात लालांच्या स्वतःच्या वळणदार हस्ताक्षरातले नाव. निस्सीम इझिकेल यांचा ‘द एक्झॅक्ट नेम’ 1965 साली असाच निघाला. आपल्या गौरी देशपांडे यांचा पहिला इंग्रजी कवितासंग्रह ‘बिट्वीन बर्थ्स’ 1968 साली तिथूनच आला. म्हणजे मी आजीच्या बासनावर कात्री चालवली त्याच वर्षी. मराठी कथाकादंबरीत पुढे ज्या बाईंनी एवढी खळबळ केली, त्यांची पहिली कविता साडीच्या तुकड्यात गुंडाळून वाचकाच्या हाती आली, ही गोष्ट मला फार आवडते. त्या स्वतः याबद्दल काय म्हणाल्या असत्या, कोण जाणे! बहुधा हसल्या असत्या.

डेव्हनपोर्टला विचाराल तर ही बांधणी बाद. कापड साडीसाठी विणलेले, पुस्तकासाठी नव्हे. किनार कुठे येईल, बुट्टी कुठे कापली जाईल, याचा नेम नाही. आणि माझाही एक आक्षेप आहे. चांगल्या कवीला जे वस्त्र तेच भिकार कवीला. प्रकाशकाने साऱ्यांना एका लग्नाचा आहेर केल्यासारखे वाटते. कापडाने कविता वाचलेली नाही. त्या निळ्या रेशमाने पुस्तक वाचले होते, निदान ते कोणाच्या हाती जाणार हे त्याला ठाऊक होते. तरीही ही पुस्तके हातात घेतली, की मन विरघळते. याचे कारण नक्षी नव्हे. गिरणीत तयार होणाऱ्या पुस्तकी कापडाच्या अंगात खळ इतकी भरलेली असते, की बोटाला कापड लागतच नाही. इंग्लंडात 1820 नंतरच्या दशकात विल्यम पिकरिंग हा प्रकाशक आणि आर्चिबाल्ड लेटन हा बांधणीकार यांनी कातड्याऐवजी रंगवलेले, खळ दिलेले सुती कापड पुस्तकांना लावायची चाल पाडली. त्यामुळे पुस्तके स्वस्त झाली, घरोघर गेली. तेव्हा त्यांना नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. 1832 च्या सुमारास त्या कापडावर सोनेरी ठसे उमटू लागले आणि कापड हळूहळू कातड्याचे सोंग आणू लागले. लालांच्या साडीने हे सोंग काढून टाकले. ती साडीच राहिली. मांडीवर पुस्तक घेतले की धाग्याचा खरखरीतपणा लागतो, आणि हा स्पर्श ज्याला लहानपणापासून परिचयाचा आहे त्या वाचकासाठी ती पुस्तके होती. एवढे केल्यावर ‘त्या पुस्तकासाठी’ नसले म्हणून काय बिघडले? डेव्हनपोर्टने पुस्तक पाहिले. ते ज्याच्या मांडीवर जायचे तो माणूस पाहिला नाही, असे मी म्हणेन.

पण हे म्हणताना मला आजीचा प्रश्न आठवतो आणि माझाच युक्तिवाद अडखळतो. साडी पुठ्ठ्याला चिकटली की ती धुता येत नाही. ती कापड आहे असे आपण म्हणतो, पण कापडाच्या दोन अंगांपैकी एक अंग तिने कायमचे गमावलेले असते. इंग्लंडातल्या त्या भरतकामाच्या पुस्तकांना सुद्धा वेगळ्या भरतकामाच्या पिशव्या असत. म्हणजे भरलेल्या कापडाला झाकायला पुन्हा भरलेले कापड! याला विलास म्हणा, पण यात बासनाची जाण आहे. पुस्तकाचे एक वस्त्र अंगाला शिवलेले, एक काढघालीचे.

हल्ली पुष्कळ घरांतून मुली आणि गृहिणी हौसेने वह्या-पुस्तके बांधतात आणि त्यासाठी कापड स्वतः रंगवतात, छापतात, भरतात. दिवाळीच्या प्रदर्शनांत अशा वह्या दिसतात. हा छंद चांगला आहे, पण यातल्या बऱ्याच वह्या पाहून मला माझा दप्तरी आठवतो. कापड नुसते पुठ्ठ्यावर चिकटवले की खळ धाग्यांतून वर येते आणि डाग पडतात. म्हणून कापडाला आधी पाठीमागून पातळ कागद लावून, फळीवर ताणून वाळवावे लागते. बाटिकचे मेण पुरते निघाले नसेल तर खळ त्याला धरत नाही आणि महिन्याभरात तिथे फुगा येतो. ठशाने छापलेले कापड बिनतक्रार बसते. आरशाचे काम पुस्तकावर करूच नये. ते कपाटातल्या शेजारच्या पुस्तकाला ओरबाडते. आणि एवढ्या वह्यांपैकी सुईने पाठीची खाच मोकळी सोडलेली वही मला एकदाच दिसली. बाकी सर्व ठिकाणी मोर, कमळ, वारली नाच, सगळे सरसकट कण्यावरून चाललेले. पहिल्या उघडझापीलाच मोराची मान मोडायची. त्या वह्या मुळात कोणी उघडतच नाही, ही त्या मोराची पुण्याई.

आमच्या पोथीचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो. आजी गेल्यावरही ती रोज वाचली जात होती, आणि दर उघडझापीबरोबर वृंदावनाच्या कमानीचा एकेक टाका तुटत होता. तीनचार वर्षांपूर्वी मी एकदाचा धीर केला. पूर्वीचा दप्तरी मैद्याची खळ वापरी आणि कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घाली. मैद्याची खळ ओलीने सुटते. हे एक त्या माणसाचे उपकार. आजच्या डिंकाने बांधले असते तर कापड फाटल्याशिवाय निघाले नसते. ओले फडके ठेवून ठेवून, दोन दिवस लावून, बोटबोट सोडवीत आम्ही बासन काढले. इरकलीचा लाल रंग सुटेल अशी भीती होती. तो थोडा सुटला. मग थंड पाण्यात ते धुतले.

कमानीचे सतरा टाके गेले होते. पण कशिदा मोजणीचा असल्यामुळे कोणते गेले ते उरलेल्यांवरून मोजता येत होते, आणि गाठ नसल्यामुळे कुठून सुरू करायचे हा प्रश्नच नव्हता. माझ्या पुतणीने चष्मा लावून, दिवसा उजेडी, चार दुपारी बसून ते भरले. कातरून आत दुमडलेले दोन हत्ती उलगडल्यावर सापडले. एकाचा मागचा पाय नाही. पोथी वरच्या लांब कडेने शिवलेली आहे तशीच ठेवली आहे, उघड्या पुठ्ठ्यांसकट, आणि तिच्यावर पुन्हा बासन आहे. खळीने पडलेले तपकिरी डाग आणि मोरचुदाची एक फिकट हिरवी छटा मात्र निघालेली नाही. यंदा वसुबारसेच्या आधी ते पुन्हा धुवायला काढले, तेव्हा पुतणीने ते दोरीवर उलटे वाळत घातले. मी तिला सुलटे करायला सांगणार होतो; पण दोन्ही अंगांनी ते सारखेच दिसत होते.